एकपेडी डीएनए आणि बारीक सरी

ऐरोलीहून एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे: प्रकल्पाच्या मराठी सारांशात ‘सिंगल-स्ट्रँडेड डीएनए’ला ‘एकसूत्री’ म्हटलं तर चालेल का, आणि ‘नॉव्हेल व्हायरस’ म्हणजे ‘नवीन’ विषाणू की ‘अभिनव’?

‘एकसूत्री’ नको. ‘सूत्र’ गुणसूत्राने आधीच अडवून ठेवलंय, आणि एकसूत्री म्हटलं की पुढे ‘कार्यक्रम’ ऐकू येतो. पण निदान ते मराठी तरी आहे. हल्ली ‘स्ट्रँडेड’चा ‘अडकलेलं’ हा भलताच अर्थ धरून भाषांतराच्या यंत्रातून ‘एकल अडकलेले डीएनए’ बाहेर पडतं आणि जसंच्या तसं अहवालात चिकटवलं जातं! अडकते ती ओहोटीला खाडीच्या चिखलात होडी. डीएनए कुठेही अडकलेला नाही. ‘एकपदरी’ सुचवणाऱ्या जाणकारांनी एकदा घोडबंदर रस्त्याने जाऊन यावं. पदरी म्हणजे मार्गिका, हा अर्थ ठाण्यात तरी आता हलायचा नाही.

आपला शब्द वेणीत आहे: पेड. तिपेडी वेणी म्हणतो तोच. चेंदणी कोळीवाड्यात होडीचा दोर पाहा. तीन पेड एकमेकांवर वळलेले असतात. कापलेलं टोक बांधलं नाही किंवा जाळून चिकटवलं नाही तर पेड सुटत जातात. डीएनए ९५ अंशांना तापवला की नेमके असेच पेड सुटतात. म्हणून दुपेडी आणि एकपेडी. क्रमिक पुस्तकांना ‘धागा’ आवडतो, पण धागा स्वतःच दोन पेडांचा असू शकतो, मग मोजायचं काय? १९५९ साली शास्त्रज्ञ रॉबर्ट सिन्शायमर यांनी फाय-एक्स १७४ या विषाणूचा डीएनए एकपेडी असल्याचं दाखवलं, त्यातला एक पुरावा हाच होता की दुपेडी डीएनएत समोरासमोर जोडीनेच बसणाऱ्या ए आणि टी या अक्षरांचं प्रमाण जुळत नव्हतं. समोर जोडीचा पेडच नाही, तर बरोबरी कुठली?

आता खरी गंमत. १९९७ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या रक्तात एकपेडी, वर्तुळाकार डीएनएचा विषाणू सापडला. नाव पडलं ‘टीटी’. ही त्या रुग्णाची आद्याक्षरं. पुढे लोकांनी ती ‘ट्रान्सफ्यूजन ट्रान्समिटेड’ अशी फोडली आणि अजूनही फोडतात, साफ चूक. नामकरण करणाऱ्यांनी अक्षरं तीच ठेवून त्यात लॅटिन भरलं: ‘टॉर्क टेनो’. टॉर्क्वेस म्हणजे गळ्यातलं पिळाचं कडं, टेन्युइस म्हणजे बारीक. आता गळ्यातल्या कड्याला मराठीत काय म्हणतात? सरी! शेजारणीनं घातली सरी म्हणून हिनं घातली दोरी, त्यातली सरी. म्हणजे टॉर्क टेनो विषाणू हा शब्दशः ‘बारीक सरी विषाणू’ झाला, आणि त्याची सरी खरंच बारीक आहे, जेमतेम ३,८०० अक्षरांची.

ही सरी माझ्या मते मोत्यांच्या ‘सर’चीच लेक. शेतातल्या सरी-वरंब्याशी तिची सोयरीक जुळवणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. एका सराच्या हाराला अमरकोश ‘एकावली’ म्हणतो, आणि तिच्यात सत्तावीस मोती असले की ‘नक्षत्रमाला’. पेड मोजून दागिन्याला नाव द्यायची खोड आपली जुनी आहे.

सरी (म्हणजे असा वर्तुळाकार एकपेडी डीएनए) हा शब्द नुसता गोड नाही, प्रयोगशाळेत कामाचाही आहे. असे विषाणू शोधताना नमुना ०.४५ आणि मग ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढतात, बाहेर तरंगणारा फुटकळ डीएनए डीएनेज या डीएनए तोडणाऱ्या विकराने संपवतात आणि मगच कवचातला डीएनए मोकळा करतात. नेहमीच्या लायब्ररीत, म्हणजे क्रम वाचायला तयार केलेल्या डीएनए तुकड्यांच्या संचात, अडॅप्टर (वाचनयंत्रासाठी लावलेले छोटे तुकडे) जोडले जातात ते दुपेडी टोकांना. सरीला ना टोक ना दुसरा पेड, त्यामुळे ती सरळ निसटते. म्हणून आधी फाय-२९ पॉलिमरेज हे डीएनएची नक्कल करणारं विकर: ३० अंशांवर रात्रभर ते सरीभोवती फेऱ्या मारत लांबच लांब दुपेडी दोर वळत राहतं. गोची अशी की लहान सरींवर त्याचा विशेष जीव, त्यामुळे कोणता विषाणू किती होता हे या आकड्यांवरून सांगू नये. जुळवलेल्या क्रमाची दोन्ही टोकं एकमेकांवर बसली, तर सरी पुरी झाल्याचा संशय घ्यायचा. खात्री करायला पाठीला पाठ लावलेले प्रायमर (नक्कल जिथून सुरू होते ते छोटे तुकडे) वापरून सगळं वर्तुळ पुन्हा वाचायचं. जेमिनिव्हायरस या वनस्पतींवरच्या विषाणूंत सरीचं तोंडही सापडतं: टी-ए-ए-टी-ए-टी-टी-ए-सी. सातव्या अक्षरानंतर ‘रेप’ प्रथिन तिथे चीर देतं आणि नवा पेड वळायला सुरुवात होते.

आणि नुसत्या पाण्याची एक नळी शेवटपर्यंत सोबत न्यायचीच; विषाणू तिच्यातही दिसला तर तो नमुन्यातला नव्हे. २०१३ साली एक ‘नवा’ विषाणू रुग्णांचा नसून डीएनए वेगळा करायच्या कॉलममधल्या सिलिकातून आल्याचं उघड झालं होतं.

हां, ‘नॉव्हेल’ राहिलंच. ‘अभिनव’ योजनांना आणि साड्यांच्या दुकानांना राहू द्या, विषाणू ‘नवा’. पण नवा कधी म्हणायचं हे घराण्यावर आहे. सर्कोव्हायरसात पूर्ण जनुकसंचाचं साम्य ८० टक्क्यांच्या खाली गेलं तर नवी जाती. भेंडीचा हळद्या ज्यांच्यामुळे होतो त्या बेगोमोव्हायरसांत ९१च्या खाली. म्हणजे ८८ टक्के साम्य आलं, तर भेंडीच्या पानावर सापडलेला बेगोमो नवी जाती ठरेल आणि पक्ष्याच्या विष्ठेतला सर्को जुन्याच जातीतला. तुमचा नमुना कशाचा आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही.