कॉलमवरील संवेदनशीलता लेबले पॉवरशेलमधून काढणे

सांगलीतील आपल्या पतसंस्थेच्या सभासद टेबलात शाखेच्या नावालाही ‘गोपनीय’ लेबल (कॉलममधील माहिती किती संवेदनशील आहे ते सांगणारी खूण) लागले आहे आणि अशी लेबले ॲझ्युअर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सेवेच्या पोर्टलवर एकेक न काढता स्क्रिप्टने काढायची आहेत, असा आपला प्रश्न आहे. त्यासाठी पॉवरशेल या मायक्रोसॉफ्टच्या कमांड व स्क्रिप्ट चालवण्याच्या साधनात ‘रिमूव्ह-एझेडएसक्यूएलडेटाबेससेन्सिटिव्हिटीक्लासिफिकेशन’ ही कमांड आहे. तिला रिसोर्स ग्रुप, सर्व्हर, डेटाबेस, स्कीमा, टेबल आणि कॉलम यांची नावे दिली की तेवढ्याच कॉलमचे लेबल निघते.

याच नावाची ‘गेट’ने सुरू होणारी कमांड संपूर्ण डेटाबेसवर चालवून तिचे उत्तर थेट पाइपने (एका कमांडचे उत्तर दुसरीला जोडणाऱ्या ‘|’ चिन्हाने) ‘रिमूव्ह’कडे देऊ नये, कारण मग आधार आणि पॅन क्रमांकांची लेबलेही एका फटक्यात जातील. त्या उत्तरातील ‘सेन्सिटिव्हिटीलेबल्स’ ही यादी वेगळी काढून सीएसव्ही फाइलीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या तक्त्यात) जपून ठेवावी, लेबल काढायचे तेवढेच कॉलम निवडून घ्यावेत आणि प्रत्येकासाठी ‘रिमूव्ह’ चालवावी. पहिल्या फेरीला ‘व्हॉटइफ’ (प्रत्यक्ष काही न काढता काय होईल ते फक्त दाखवणारा पर्याय) लावलेले बरे. लेबल गेल्याने कॉलममधील माहिती, परवानग्या किंवा मास्किंग (माहिती झाकून दाखवण्याची सोय) बदलत नाही, मात्र ऑडिटच्या पुढील नोंदींत त्या कॉलमची संवेदनशीलता उमटत नाही. सर्व्हर ॲझ्युअरवर नसून संस्थेच्या कार्यालयातच असेल, तर एसक्यूएल सर्व्हर २०१९ पासून ‘ड्रॉप सेन्सिटिव्हिटी क्लासिफिकेशन’ हे विधान पुरेसे आहे.