रविवारची उपासना, सोमवारची फर्स्ट शिफ्ट

तुम्ही विचारलंय की नाशिकच्या अंबडला कारखान्यात सुपरवायझर आहात, रविवारी न चुकता उपासनेला जाता, पण सोमवारी सकाळी पुन्हा तीच चिडचिड आणि तीच थापाथापी. मग पवित्र आत्म्याची फळं, म्हणजे त्याच्यामुळे अंगी येणारे गुण, कामात उतरवायची कशी?

बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात (५:२२-२३) प्रीती, आनंद, शांतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ फळं दिली आहेत. नऊही एकदम धरायला गेलात तर आठवडाभरात सगळी सुटतील. माझं मत विचाराल तर विश्वासूपणापासून सुरुवात करा, कारण तो तपासता येतो. आपण सौम्य झालो का, हे आपलं आपल्याला कळत नाही. मापांचं रजिस्टर खरं आहे का, ते कळतं.

समजा २५ मिमीचा शाफ्ट आहे, टॉलरन्स (चालणारा फरक) ±०.०२ मिमी, आणि दर तासाला माप लिहायचं आहे. होतं काय, की शिफ्ट सुटायला दहा मिनिटं असताना आठही ओळी एका पेनाने, एका दमात भरल्या जातात: २५.००, २५.००, २५.०१. पण टूल झिजतं तसा बाहेरचा व्यास हळूहळू वाढतो, ऑफसेट दिला (मशीनवर तेवढी दुरुस्ती केली) की खाली येतो. खऱ्या मापांत हा चढउतार दिसतोच. दिवसभर सपाट आकडे म्हणजे मापच घेतलेलं नाही. पुढे लॉट परत आला की बोट ऑपरेटरकडे, आणि खाली सही तुमची.

उपाय साधा पण झोंबणारा आहे. चुकलेल्या तासाची ओळ भरायची नाही, तिथे 'मोजले नाही' आणि कारण लिहायचं. पहिल्या आठवड्यात अशा ओळी भरपूर निघतील, वरून ओरडा बसेल आणि बहुतेक जण इथेच माघार घेतात. म्हणून साहेबांना आधीच सांगून ठेवा. मायक्रोमीटर इन्स्पेक्शनच्या खोलीत न ठेवता मशीनपाशी आणा (०.०२ मिमी लीस्ट काउंटच्या, म्हणजे त्याहून बारीक न मोजणाऱ्या, व्हर्नियरवर हे माप सोडू नका). निम्म्या थापा निव्वळ चालत जाण्याच्या कंटाळ्यातून येतात!

रागाचं म्हणाल तर मत्तय १८:१५-१७ मधला क्रम शॉपफ्लोअरवर तसाच चालतो: आधी एकट्याला गाठून चूक दाखवायची, नाही ऐकलं तर एकदोघांना घेऊन, मग पुढे. आपण नेमकं उलटं करतो, आधी सगळ्यांसमोर झापतो आणि मग केबिनमध्ये समजूत काढतो. क्षमा केली म्हणून रिजेक्शनची नोंद मात्र पुसायची नाही. ती पुसली तर पुन्हा खोटं रजिस्टर झालं.

मजुरीबद्दल बायबलमधलं अनुवाद हे पुस्तक (२४:१५) स्पष्ट आहे: मजुराचे पैसे सूर्य मावळायच्या आत द्या. पगार तुमच्या हातात नसेल, ओव्हरटाइमची शीट असते. ती त्याच दिवशी सही करून पुढे पाठवा. आठवड्याने आठवून भरलेल्या शीटमध्ये तास गळतात, आणि गळतात ते कंत्राटी कामगाराचेच.

संध्याकाळी दहा मिनिटं आत्मपरीक्षणाला द्या. कॅथलिक संत इग्नाती लोयोलाची पद्धत पाच टप्प्यांची आहे: आभार, प्रकाशासाठी प्रार्थना, दिवसाची उजळणी, क्षमायाचना, उद्याचा निश्चय. प्रोटेस्टंट असाल तरी अडचण नाही. अंथरुणात करू नका, झोप लागते. नाशिक रोडला राहत असाल तर घरी जाताना बसमध्ये उरकेल. उजळणीत 'आज वाईट वागलो' असं मोघम नको, 'साडेअकराला सीएनसी मशीनपाशी अमक्याला काय बोललो' इतकं नेमकं हवं. निश्चयही एकच, आणि उद्याच्या ठरावीक वेळेला बांधलेला: शिफ्ट हातात घेताना आधी रजिस्टर उघडेन, मग फोन.