उटण्याचा वास आला की लगेच दिवाळीच का आठवते?
कारण वासाचा मेंदूतला रस्ता जवळचा आहे. दिसलेलं-ऐकलेलं आधी थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या ठाण्यातून जातं; वासाचा संदेश मात्र नाकाच्या वर असलेल्या घ्राणकंदातून थेट अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पसच्या भागात पोचतो, आणि भावना नि आठवणींचा बराचसा कारभार तिथेच चालतो. शिवाय उटण्यातला नागरमोथा, कपूरकचरी एरवी कोण हुंगतंय? वर्षातून एकदा, नरकचतुर्दशीच्या पहाटे, तेल चोपडलेल्या अंगावर तो वास येतो, त्यामुळे त्यात दुसरं काही मिसळत नाही. फोडणीचा वास रोजचाच, म्हणून त्याने असा नेमका दिवस सहसा आठवत नाही. मात्र अशी आठवण भावनेने गडद असली तरी तपशिलात बरोबर असेलच असं नाही. त्या दिवाळीला आत्या आली होती की नाही, यावर अशा आठवणीच्या भरवशावर पैज लावू नका.