पूर्वजाचं वय जनगणनेत जुळत नाही, तर तो आपला माणूस नव्हेच का?

तुमचे पूर्वज इंग्लंडच्या 1841 च्या जनगणनेत 25 वर्षांचे, 1851 मध्ये 38 आणि 1861 मध्ये 47 वर्षांचे दिसतात. हा एकच माणूस की तिघे वेगळे, असं तुम्ही विचारलंय.

एकच असू शकतो. 1841 मध्ये पंधराच्या वरच्यांचं वय खालच्या पाचाच्या पटीत उतरवायची सूचना होती, त्यामुळे तिथलं 25 म्हणजे 25 ते 29 काहीही. पुढचा एखाद्या वर्षाचा फरक मी तरी मनावर घेत नाही. नेमकं जन्मवर्ष सगळ्यांना ठाऊक असायचंच असं नाही.

वयापेक्षा घर बघा. 1851 पासून कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्मगाव लिहायला लागले. एका माणसाचं नाव कुणाशीही जुळेल. पण बायकोचं नाव, तिचं जन्मगाव आणि मुलांचा क्रम हे सगळं एकदम जुळणं अवघड.

नात्याचा रकाना मात्र जपून वाचा. मला एका घरात आठ वर्षांचा 'सन-इन-लॉ' सापडला होता. आठ वर्षांचा जावई कसा असेल? तेव्हा सावत्र मुलालाही तोच शब्द लावत. त्याचं आडनाव घरापेक्षा वेगळं होतं आणि त्याच धाग्याने त्याच्या आईचं पहिलं लग्न हाती लागलं. म्हणून घरातलं परकं आडनाव कधीच सोडू नका.

तुमचा शोध 1911 पर्यंत गेला तर घरच्यांनी स्वतः भरलेला फॉर्म बघायला मिळेल. (आधीच्या दशकांतल्या आपण पाहतो त्या प्रगणकांनी उतरवलेल्या वह्या.) त्यात विवाहित स्त्रीला मुलं किती झाली, किती हयात, किती गेली हे विचारलंय. झाली नऊ, आहेत पाच, गेली चार. दोन जनगणनांच्या मधे जन्मून गेलेलं मूल एकाही जनगणनेत येत नाही, त्याची खूण या आकड्यातच उरते. असा आकडा दिसला की मी बाकी सगळं बाजूला ठेवून 1837 पासूनची जन्म-मृत्यूंची सूची उघडते. सरकारी ऑनलाइन सूचीत जन्माच्या नोंदीला आईचं माहेरचं आडनाव असतं, त्यावरून ती मुलं नावानिशी सापडू शकतात.

सध्या एवढंच करा: 1851 च्या घरातली दहाच्या आतली मुलं लिहून काढा. 1861 मध्ये ती दहा ते वीसची हवीत. मोठी एखादी दुसऱ्या घरी नोकरीला गेलेली असेल. दोन्ही याद्या इथे टाका, मी बघते.