सपोर्टेड लॉजिंग्जसाठी खोली देताय?

म्हणजे आई-वडिलांपासून दूर, कौन्सिलच्या देखरेखीत असलेल्या मोठ्या मुलाला आपल्या घरी खोली आणि थोडा आधार. यजमान निवडणाऱ्या पॅनेलची मंजुरी मिळाली, छान झालं. आधी विचारून घ्या, ही सोय चालवणारी संस्था ऑफस्टेडकडे, म्हणजे मुलांच्या सेवा तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे, नोंदलेली आहे ना? इंग्लंडमध्ये १६-१७ वर्षांच्या मुलांसाठी ही सोय चालवायची तर २०२३ पासून नोंदणी सक्तीची आहे. घराच्या विमा कंपनीलाही कळवा.

फोस्टरिंगमध्ये मुलाला सांभाळायचं असतं. इथे त्याला स्वतःचं स्वतः करता यायला हवं, आणि आपल्या मराठी घरांना नेमकं तेच जड जातं. ताट वाढून देण्याची सवय आवरा. फ्रिजमधला एक कप्पा त्याचा, त्यात डोकवायचं नाही. वॉशिंग मशीन एकदा दाखवा, मग पांढरा शर्ट लाल मोज्यांबरोबर टाकला तरी हात लावू नका. वरणभाताला मात्र बोलवा. नको म्हणाला तर राग धरायचा नाही.

मागचं खोदून विचारू नका. ही मुलं बोलतात ती भांडी पुसताना नाहीतर गाडीत, सोफ्यावर समोर बसवून कधीच नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. जिवाला धोका असेल तर सोशल वर्करला कळवावंच लागतं, हे पहिल्याच दिवशी सांगा.

रात्री परतला नाही तर किती वाजता, कुणाला फोन करायचा, हे संस्थेबरोबरच्या बैठकीतच लिहून घ्या. आणि हो, सासूबाई भारतातून महिनाभर राहायला येणार असतील तर तिकीट काढण्याआधी संस्थेशी बोला. घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची चौकशी होते, त्यात पाहुणेही येऊ शकतात.