कर्ज काढून सायबर सुरक्षेचा कोर्स करावा का?

जुळे सोलापूर येथील एका वाचक भगिनींनी सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यांचे वय ३१ असून शिक्षण बी.कॉम. आहे, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात त्या नऊ वर्षे हिशेबाचे काम पाहतात. त्यांचा पगार दरमहा २४,००० रुपये, पतीचा २६,००० रुपये, घरखर्च ३८,००० रुपये आणि बँकेतील मुदत ठेव २,४०,००० रुपये आहे. मुलगी पाच वर्षांची आहे. पुण्यातील एका खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा पूर्णवेळ सायबर सुरक्षा कोर्स त्यांना करायचा आहे. फी २,८५,००० रुपये, म्हणजे १८ टक्के जीएसटीसह ३,३६,३०० रुपये. त्यांपैकी १,५०,००० रुपये ठेव मोडून भरायचे आणि उरलेल्या १,८६,३०० रुपयांसाठी संस्थेनेच सुचवलेल्या वित्त कंपनीचे १२ टक्के ‘फ्लॅट’ दराचे २४ महिन्यांचे कर्ज घ्यायचे, असा बेत आहे. त्यासाठी नोकरी सोडावी लागेल. त्या विचारतात: ‘आईने विड्या वळून मला शिकवले. घरात आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठी माध्यमाची झाली, इंग्रजी बेताचेच आहे. इंजिनिअर नसलेल्या बाईला या क्षेत्रात कोण विचारणार, असे सगळे म्हणतात. मग मोठ्या संस्थेचा शिक्का घेतला तर दार उघडेल का?’

ताई, या क्षेत्रात जाण्याची तुमची इच्छा योग्य आहे आणि माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. मात्र ज्या मार्गाने तुम्ही जाऊ पाहता, त्या मार्गाला माझा स्पष्ट नकार आहे. ठेव मोडू नका, हे कर्ज घेऊ नका आणि तूर्त नोकरी सोडू नका.

आधी कर्जाचा दर पाहू. ‘फ्लॅट’ दरात व्याज शेवटच्या हप्त्यापर्यंत मूळ रकमेवरच आकारले जाते, मग तुम्ही निम्मे मुद्दल फेडलेले असो वा नसो. १,८६,३०० रुपयांवर दोन वर्षांचे व्याज ४४,७१२ रुपये होते आणि हप्ता सुमारे ९,६२६ रुपये बसतो. घटत्या शिलकीच्या पद्धतीने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून, मांडल्यास हाच दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. प्रक्रिया शुल्क असल्यास ते वेगळे. किरकोळ कर्ज देताना सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखवणारे ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. तो कागद हातात मागा, म्हणजे खरा वार्षिक दर १२ टक्क्यांहून किती जास्त आहे ते दिसेल. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते असे संस्थेच्या प्रतिनिधीने सांगितल्याचे तुम्ही लिहिता. ती वजावट जुन्या करप्रणालीपुरती आहे, आणि वर्षाला २,८८,००० रुपये पगारावर तुम्हाला आयकरच लागत नाही. जो कर भरायचाच नाही, तो वाचणार कसा?

फी हा खर्चाचा एक भाग झाला. सहा महिने पगार बंद, म्हणजे १,४४,००० रुपयांचे उत्पन्न गेले. पुण्यात राहण्याजेवणाचे काटकसरीने दरमहा १२,००० रुपये धरले तरी ७२,००० रुपये होतात. व्याज सोडूनही हा निर्णय ५,५२,३०० रुपयांचा आहे. त्या सहा महिन्यांत घरात येणार पतीचे २६,००० रुपये, आणि जाणार घरखर्चाचे ३८,०००, पुण्याचे १२,००० व हप्त्याचे ९,६२६ रुपये. दरमहा ३३,६२६ रुपयांची तूट पडेल. ठेवीतले उरलेले ९०,००० रुपये तिसरा महिना संपण्याआधीच संपतील आणि कोर्स निम्माच झालेला असेल. अशा वेळी घरातले सोने गहाण पडते, आणि आईंच्या पाटल्यांचा उल्लेख तुमच्या पत्रात आहेच. त्यांना हात लावण्याची वेळ कोणत्याही कोर्ससाठी येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आता सर्व काही मनासारखे झाले असे समजू. जाहिरातीतले सहा लाखांचे पॅकेज पहिल्याच दिवशी मिळाले आणि हातात दरमहा ४५,००० रुपये आले, तरी पुण्याचा खर्च आणि हप्ता वजा जाता २३,३७४ रुपये उरतात. आजच्या पगाराहून ते कमीच आहेत, आणि मुलगी अडीचशे किलोमीटरवर आहे. नवख्यांना बहुधा जे काम मिळते, ते चोवीस तास चालणाऱ्या देखरेख केंद्रातले असते. संगणकांच्या नोंदी आणि धोक्याच्या सूचना पाहत बसायचे, आणि त्यात रात्रपाळी ठरलेलीच. तो अनुभव मोलाचा असतो, पण पाच वर्षांच्या मुलीच्या आईने तो पुण्यात एकटीने, कर्जाचा हप्ता डोक्यावर घेऊन मिळवावा का, याचा विचार घरात बसून झाला पाहिजे. ‘शंभर टक्के प्लेसमेंट साहाय्य’ या शब्दांत नोकरीची हमी नाही. कोर्स आवडला नाही किंवा संस्था बंद पडली, तरी वित्त कंपनी हप्ता तुमच्याकडेच मागणार, कारण करार तुमच्या सहीचा आहे.

इथवर वाचून तुम्ही खट्टू झाला असाल. परंतु तुमच्याच पत्रातल्या एका प्रसंगाकडे मला लक्ष वेधायचे आहे, जो तुम्ही जाता जाता दोन ओळींत लिहिला आहे. सूत पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या नावाने ई-मेल आला की आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढची रक्कम नव्या खात्यावर आरटीजीएस करावी. लोगो तोच, खालची सही तीच, मागील बिलाचा क्रमांकही बरोबर. तुम्ही पत्ता निरखून पाहिला, तेव्हा इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरे चिकटून बसलेली दिसली. तुम्ही ई-मेलला उत्तर दिले नाही, त्यातल्या क्रमांकावरही फोन केला नाही, तर आपल्या जुन्या वहीतल्या क्रमांकावर व्यापाऱ्याला विचारले आणि पैसे वाचले. ताई, हीच सायबर सुरक्षा आहे. संशय येणे, पुरावा पाहणे आणि वेगळ्या मार्गाने खातरजमा करणे, ही या व्यवसायातली निम्मी शिदोरी नऊ वर्षांच्या हिशेबाने तुम्हाला दिलेली आहे.

हे मी तुमचे मन राखण्यासाठी लिहीत नाही. या क्षेत्रात संगणकात घुसून दोष शोधणारे लोक लागतात, तसेच नियम, जोखीम आणि लेखापरीक्षण सांभाळणारेही लागतात, आणि त्यांची गरज कायद्यानेच वाढवली आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. डिसेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांची त्यांच्या डिजिटल व्यवहारांनुसार चार स्तरांत विभागणी करून प्रत्येक स्तराला सुरक्षेचे नियम घालून दिले. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवावी लागते आणि संगणक यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे सर्व पाळले जाते की नाही याची तपासणी करणारा माणूस व्हाउचर, मंजुरी, सही आणि तारीख यांचा माग काढू शकणारा असावा लागतो. सहकारी बँका सोलापुरातही आहेत आणि सनदी लेखापालांची कार्यालयेही आहेत. तुमच्यासाठी पहिले दार तिथे आहे, आणि ते ठोठावण्यासाठी आज पुण्याला घर हलवण्याची गरज नाही. जागा थोड्या आहेत, वेळ लागेल, हेही तितकेच खरे.

‘इंजिनिअरच पाहिजे’ या समजाने कितीतरी हुशार माणसे, विशेषतः छोट्या शहरांतल्या स्त्रिया, या क्षेत्राच्या उंबरठ्यावरून परत फिरतात. आणि त्याच समजाचा धाक दाखवून लाखांची फी वसूल केली जाते, याचे मला फार वाईट वाटते. कॉम्पटिया सिक्युरिटी प्लस या जगभर मान्य असलेल्या परीक्षेला बसण्यासाठी अभियांत्रिकी पदवीची अट नाही. आयएससी-टू या संस्थेच्या सुरुवातीच्या प्रमाणपत्र परीक्षेला पूर्वानुभवही लागत नाही.

पैशाची मांडणी मी अशी करीन. सहा महिन्यांचा घरखर्च २,२८,००० रुपये होतो आणि तुमची ठेव २,४०,००० रुपयांची आहे. ती आजारपण किंवा नोकरी जाणे अशा प्रसंगांसाठीची गंगाजळी आहे आणि तिचे काम तेच राहू द्या. दरमहा उरणाऱ्या १२,००० रुपयांतून ५,००० रुपयांचे आवर्ती खाते केवळ शिक्षणासाठी उघडा. वर्षात ६०,००० रुपये आणि थोडे व्याज जमेल. पहिले चार महिने मात्र त्यातले काहीही खर्च करू नका. सिस्को नेटवर्किंग अकादमीचे प्राथमिक अभ्यासक्रम विनामूल्य आहेत, ट्रायहॅकमी या संकेतस्थळावर सरावाचे काही धडे मोफत आहेत, आणि लिनक्स ही संगणक प्रणालीही फुकट मिळते. आयपी पत्ता, पोर्ट, डीएनएस हे काय आहे आणि यंत्राची नोंद कशी वाचावी, एवढे रोज रात्री दीड तास बसून चार महिन्यांत जमते का, आवडते का, ते पाहा. सध्याच्या लॅपटॉपवर भागत नसेल, तर त्यानंतर सोळा जीबी रॅम असलेला वापरलेला लॅपटॉप घ्यावा. परीक्षेची फी ही त्यानंतरची पायरी आहे. रक्कम अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच भरावी.

दरम्यान कारखाना हीच तुमची प्रयोगशाळा करा. मालकांची लेखी परवानगी मात्र आधी घ्या, कारण परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली भरपाई द्यावी लागू शकते, आणि ते अप्रामाणिक हेतूने केले असल्यास तो गुन्हा ठरतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाला कोणते अधिकार आहेत, नोकरी सोडून गेलेल्यांचे पासवर्ड अजून चालतात का, बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात पडून असतो का, आणि तो बॅकअप उघडून कोणी पाहिला आहे का, याचा तारीखवार तक्ता तयार करा. आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत ९३ नियंत्रणे, म्हणजे सुरक्षेचे उपाय, आहेत. त्यांतली दहा-बारा तरी तुमच्या कारखान्याला लावून पाहता येतील. असे काम केलेला तक्ता, मालकांच्या संमतीने आणि गोपनीय तपशील वगळून, मुलाखतीत समोर ठेवता आला, तर त्याचे वजन नुसत्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त पडते, कारण समोरच्याला तुमची तपासण्याची पद्धत दिसते.

इंग्रजीची भीती समजू शकतो. या कामात बोलण्याच्या इंग्रजीपेक्षा वाचण्याचे आणि मोजक्या वाक्यांत अहवाल लिहिण्याचे इंग्रजी जास्त लागते. दर आठवड्याला आपल्या तक्त्यातील एका त्रुटीवर दहा ओळींचा इंग्रजी अहवाल लिहा: काय आढळले, त्यातून काय बिघडू शकते आणि काय करावे. तेलुगू आणि मराठी दोन्ही येणे ही सोलापुरात वेगळी जमेची बाजू आहे. शहराच्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगारांना आणि पतसंस्थांच्या सभासदांना ओटीपीची फसवणूक त्यांच्या भाषेत समजावून सांगणारे लोक हवेच आहेत, आणि असे प्रशिक्षण देणे हाही या क्षेत्रातला एक मान्य कामाचा प्रकार आहे.

माझे मत कोणत्या परिस्थितीत बदलेल, तेही सांगतो. चार महिन्यांनी अभ्यासाची गोडी टिकली, हाच कोर्स सुट्टीच्या दिवशी किंवा ऑनलाइन, नोकरी सांभाळून करता आला, फी टप्प्याटप्प्याने भरता आली, आणि संस्थेने परताव्याच्या अटी लेखी देऊन मागील तुकड्यांतील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांशी तुमचे थेट बोलणे करून दिले, तर आवर्ती खात्यातून जेवढे झेपेल तेवढ्या पैशांत तो जरूर विचारात घ्यावा. रविवारपर्यंत ५,००० रुपये भरल्यास सवलत मिळेल, असे त्यांनी कळवले आहे. त्यांना लेखी उत्तर पाठवा की निर्णय चार महिन्यांनी घेणार आहे, आणि आज एकही रुपया भरू नका.