मायभूमी आणि दूरदेशीचे ज्यू : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

इस्रायल आणि जगभर विखुरलेला ज्यू समाज यांच्या परस्परसंबंधांविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या वेळी निवडले आहेत.

प्रश्न : इस्रायलची स्थापना होऊन पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. ज्यांना तिथे जायचे होते ते गेले, ज्यांना राहायचे होते ते आपापल्या देशांत राहिले. मग परदेशी स्थायिक झालेल्या ज्यूंशी नाते दृढ करण्यासाठी त्या देशाने इतका खटाटोप का करावा?

उत्तर : जगात आज दीड कोटीहून थोडे अधिक ज्यू आहेत. त्यांपैकी सत्तर लाखांहून अधिक इस्रायलमध्ये आणि साठ लाखांच्या आसपास अमेरिकेत राहतात. म्हणजे ज्या लोकसमूहासाठी हे राष्ट्र उभे राहिले, त्याचा निम्म्याहून मोठा भाग आजही त्याच्या सीमेबाहेर आहे. १९५०च्या ‘परतीच्या कायद्या’ने प्रत्येक ज्यू व्यक्तीला इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला आणि १९७०च्या दुरुस्तीने तो मुले, नातवंडे आणि त्यांच्या जोडीदारांपर्यंत नेला. हक्क कायद्याने देता येतो. ओढ मात्र कायद्याने निर्माण करता येत नाही, आणि म्हणूनच हा खटाटोप आवश्यक ठरतो.

या नात्याची दिशा कशी बदलत गेली, तेही पाहण्यासारखे आहे. आरंभीची अनेक वर्षे पैसा बाहेरून आत येत असे. १९२९ मध्ये स्थापन झालेली, स्थलांतरितांना वसवण्याचे काम करणारी ज्यू एजन्सी ही संस्था, १९५१ पासून परदेशांत विकले जाणारे इस्रायलचे कर्जरोखे आणि गावोगावच्या सिनेगॉगमधून (ज्यू प्रार्थनास्थळांतून) गोळा होणारा निधी यांवर नव्या देशाची घरे, रस्ते आणि स्थलांतरितांच्या वसाहती उभ्या राहिल्या. पुढे पंतप्रधान मेनाखेम बेगिन यांच्या काळात, १९७८ मध्ये, परदेशातील एकेका ज्यू समाजाची सांगड इस्रायलमधील एकेका मागासलेल्या वस्तीशी घालण्याची योजना सुरू झाली. पैसे देणारा आणि घेणारा एकमेकांना प्रत्यक्ष भेटू लागले, हे माझ्या मते त्या योजनेचे खरे वेगळेपण होते. १९९९च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘तगलित’ उपक्रमाने तर प्रवाहच उलटा वळवला. परदेशी वाढलेल्या ज्यू तरुणांना साधारण दहा दिवसांची इस्रायल-भेट विनामूल्य घडवली जाऊ लागली आणि तिच्या खर्चाचा एक वाटा इस्रायली सरकारने उचलला. आतापर्यंत आठ लाखांहून अधिक तरुण त्यातून जाऊन आले आहेत. त्यांच्या बसमध्ये काही दिवस समवयस्क इस्रायली तरुणही असतात. प्राचीन अवशेष आणि वाळवंट यांच्यापेक्षा रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या या तरुणांच्या गप्पांचा ठसा अधिक खोल उमटत असावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आपल्या कोकणातील बेने इस्रायल समाजाचे इस्रायलने मोकळ्या मनाने स्वागत केले असा आमचा समज होता. पण त्यांना तिथे आंदोलन करावे लागले होते, असे अलीकडे ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : हे खरे आहे, आणि मायभूमी व दूरदेशीचा समाज यांचे नाते कशाने तुटते आणि कशाने जुळते हे समजून घ्यायचे असेल, तर याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या धार्मिक विश्रांतीच्या, दिवशी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. बाकीच्या ज्यू जगाशी शतकानुशतके फारसा संबंध नसतानाही त्यांनी शब्बाथ, सुंता आणि खाण्यापिण्याचे निर्बंध सांभाळले, नवस फेडताना एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा हा गोड पोह्यांचा प्रसाद केला आणि पुढे बायबलमधील कथांवर मराठीत कीर्तनेही रचली. मुंबईत १७९६ मध्ये त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. भारतात ज्यूद्वेषाचा छळ त्यांनी कधी सोसला नाही. त्यामुळे १९४८ नंतर जे इस्रायलला गेले, ते भयापोटी पळाले नव्हते. श्रद्धेने आणि उमेदीने गेले होते.

तिथे मात्र अनेकांच्या वाट्याला बीरशेबासारख्या वाळवंटी भागातील कष्टाचे जीवन आणि कातडीच्या रंगावरून होणारा दुजाभाव आला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच काही कुटुंबांनी भारतात परत पाठवा अशी मागणी करत ठिय्या दिला आणि त्यांच्यापैकी काही जण खरोखरच परतले. त्याहून खोल जखम पुढे व्हायची होती. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह धार्मिक अधिकाऱ्यांकडेच नोंदवावे लागतात, आणि शेकडो वर्षे धर्मपंडितांपासून दूर राहिलेल्या या समाजात घटस्फोट आणि पुनर्विवाह धर्मशास्त्रानुसार झाले असतील का, अशी शंका काही रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, काढली. १९६०च्या दशकाच्या आरंभी मुख्य रब्बी मंडळाने बेने इस्रायल वधूवरांच्या पूर्वजांची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचा आदेश दिला. ज्या समाजाने कोणी विचारणारे नसताना आपला धर्म जपला, त्यालाच धर्मभूमीत आपल्या आजी-पणजीच्या लग्नाचे पुरावे मागितले गेले.

बेने इस्रायल मंडळी गप्प बसली नाहीत. १९६४च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये निदर्शने केली, वर्तमानपत्रांनी आणि सामान्य इस्रायली नागरिकांनी त्यांची बाजू उचलून धरली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये, लेव्ही एश्कोल पंतप्रधान असताना, इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असून त्यांचे हक्क इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत, असे स्पष्टपणे जाहीर केले. त्यानंतर रब्बी मंडळालाही आपल्या आदेशातून या समाजाचा नामनिर्देश काढावा लागला.

‘तुम्ही आमचे आहात’ एवढे म्हणणे पुरत नाही. ‘तुम्ही जसे आहात तसे आमचे आहात’ हे कागदोपत्रीही मान्य व्हावे लागते. त्या मान्यतेनंतरच दिमोना, अश्दोद, लोद, रामले या गावांत हा समाज ताठ मानेने रुजला. आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू असल्याचे मानले जाते आणि त्यांत बेने इस्रायल बहुसंख्य आहेत. तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने सांगावी अशीच आहे.

प्रश्न : अमेरिकेतील तरुण ज्यू इस्रायलपासून दुरावत आहेत, असे म्हणतात. याचे कारण केवळ राजकारण आहे का?

उत्तर : राजकारण हे मोठे कारण आहेच, पॅलेस्टिनी प्रश्नावरील इस्रायलची धोरणे अनेक तरुणांना मान्य नाहीत, आणि त्यांचा हा मतभेद प्रामाणिक आहे. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२०च्या पाहणीत अमेरिकेतील ६५ वर्षांवरील ज्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी इस्रायलशी भावनिक जवळीक असल्याचे सांगितले होते; तिशीच्या आतील तरुणांत ते प्रमाण निम्म्याहून किंचित कमी होते.

परंतु बेने इस्रायलांनी जे सोसले, त्याचीच दुसरी आवृत्ती इथेही दिसते. अमेरिकेतील ज्यूंचा मोठा भाग रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह या तुलनेने उदार पंथांचा आहे, तर इस्रायलमधील ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ परंपरेच्या, रब्बींच्या हाती आहेत. जेरुसलेममधील पश्चिम भिंत या ज्यूंच्या पवित्र प्रार्थनास्थळापाशी स्त्री-पुरुषांना एकत्र प्रार्थना करता यावी म्हणून मान्यताप्राप्त स्वतंत्र जागा देण्याचा तोडगा सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मंजूर केला आणि जून २०१७ मध्ये स्वतःच स्थगित केला. २०१८च्या ‘राष्ट्र-राज्य’ कायद्यात दूरदेशीच्या ज्यूंशी नाते दृढ करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकले आहे खरे, पण ते परदेशात करावयाच्या कार्यापुरतेच. भिंतीपाशी आपल्या रीतीने प्रार्थना करू इच्छिणाऱ्या पाहुण्याला त्या कलमाचा आधार मिळत नाही. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इस्रायलमध्ये रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांमार्फत ज्यू धर्मात झालेली धर्मांतरे नागरिकत्वापुरती मान्य केली, हे मात्र योग्य दिशेचे पाऊल होते. सहलींवर होणारा खर्च मी वाया गेला असे म्हणणार नाही. तरीही भिंतीपाशी मिळणारी चार हात सन्मानाची जागा त्याहून अधिक काम करील, अशी माझी धारणा आहे.

प्रश्न : असे नाते जपणे म्हणजे आपण राहतो त्या देशाशी निष्ठा पातळ करणे नव्हे का?

उत्तर : ही शंका १९५० मध्येच उघडपणे चर्चिली गेली. अमेरिकन ज्यू कमिटीचे अध्यक्ष जेकब ब्लाउस्टाइन यांच्याशी झालेल्या समझोत्यात पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांनी स्पष्ट केले की अमेरिकन ज्यूंची राजकीय निष्ठा केवळ अमेरिकेशी आहे आणि इस्रायल त्यांच्या वतीने बोलत नाही. भारतातील ज्यूंनीही हेच आचरणातून दाखवले आहे, आणि २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. उलट बाजूनेही हे नाते टिकून आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. परंतु इस्रायलमध्ये सक्तीची लष्करी सेवा केलेल्या भारतीय वंशाच्या ज्यूंनाही प्रवासी भारतीय नागरिकत्वाचे कार्ड मिळेल, अशी घोषणा पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जुलै २०१७ मध्ये तेल अवीव येथील सभेत केली होती. आजोळचे गाव पाहण्यासाठी अलिबाग किंवा रेवदंड्याला येऊ इच्छिणाऱ्या इस्रायली नातवंडांना त्या कार्डामुळे दर वेळी व्हिसा काढावा लागत नाही.